बाजाराच्या दिवशी उंबरीमाळ

बिशपांच्या शेवटच्या दौऱ्याचं वेळापत्रक मी केलं आणि त्यात उंबरीमाळ हे गाव सोमवारी घातलं. सोमवार हा त्या डोंगरातला बाजाराचा दिवस. मला ते ठाऊक नव्हतं, आणि कुणाला विचारावं असंही वाटलं नाही.

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हे आत्ताच सांगून टाकतो; नंतर दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं.

बिशप आणि मी फादर व्हायला एकाच वर्षी सेमिनरीत दाखल झालो होतो. तिसऱ्या वर्षी मी बाहेर पडलो. देवाचं बोलावणं आलं नाही, असं घरी सांगितलं. खरं कारण म्हणजे पहाटे साडेचारला उठणं जमेना. आंतोन मात्र उठत राहिला. तो फादर झाला, मग बिशप झाला, आणि धर्मप्रांत असा मिळाला की एका टोकाला सकाळची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, केली तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दुपारचं जेवण टळतं. चारचौघांत मी त्याला 'बिशप' म्हणतो, 'अहो-जाहो' करतो. गाडीत दोघंच असलो की तो आंतोन आणि मी बावतीस.

येत्या जानेवारीत त्याला पंच्याहत्तर पूर्ण होतात. त्या वयाला बिशपनं पोपना पत्र लिहायचं असतं की आता मला मोकळं करा. त्याचं पत्र लिहून तयार आहे, फक्त तारीख टाकायची आहे. त्याआधी डोंगरातली गावं एकदा पुन्हा बघायची म्हणून हा दौरा. त्याचे सेक्रेटरी फादर तापानं अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यानं मला फोन केला. "दौऱ्याचं वेळापत्रक कर आणि बरोबर ये. नाहीतरी तुला काय काम आहे?"

मी आमच्या वसईच्या हिशोबानं वेळापत्रक केलं. आमच्याकडे सोमवारी फादर लोकांची सुट्टी, लग्न नाही, धर्मशिक्षणाचा वर्ग नाही. सगळ्या आठवड्यात सोमवार तेवढा कसा स्वच्छ मोकळा दिसत होता!

रविवार : नवापूर ते लोणखेडा

नवापूरला गाडीतून उतरलो तेव्हा पाठ आणि मी असे दोन वेगळे प्रवासी झालो होतो. बिशप स्टेशनाबाहेर जीपला टेकून उभा. अंगात चौकडीचा शर्ट, पायात चपला. ड्रायव्हर दिवाळीला घरी गेलेला, म्हणून स्वतः गाडी घेऊन आलेला.

"तू चालवणार?" मी विचारलं.

"तुला येते का?"

मला येत नाही. विषय संपला.

वाटेत चिंचपाड्याला दवाखान्यात त्याच्या गुडघ्याचा नवा पट्टा घ्यायचा होता. दवाखाना आमचा नव्हे, प्रॉटेस्टंट भावंडांचा. "गुडघ्याला पंथ नसतो," असं म्हणून तो लंगडत आत गेला आणि अर्ध्या तासानं तसाच लंगडत बाहेर आला. फरक एवढाच की आता पट्टा होता. पुढे विसरवाडीला चहा. हायवेला ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात, भज्यांवर धुळीचा हलका थर बसतो आणि तरी भजी चांगली लागतात. मी तिथं चष्मा विसरलो. गावाच्या नावावरून जेवढे विनोद करता येतील तेवढे बिशपांनी परत फिरून चष्मा आणेपर्यंत करून टाकले. वाचकांसाठी एकही उरला नाही.

मुक्काम लोणखेड्याला, एका पाटलांच्या घरी. पाटील हिंदू, पपईचे मोठे बागायतदार. त्यांच्या मुलाला बिशपांनी कधीकाळी इंग्रजी शिकवलं होतं, तेव्हापासून खाली-वर करताना बिशपांनी त्यांच्याकडे न थांबणं हा पाटलांना अपमान वाटतो. अंगणात खाटा टाकलेल्या. दादर ज्वारीची भाकरी, शेवभाजी आणि वांग्याचं भरीत. मिरची नंदुरबारची, म्हणजे काय ते समजून घ्या. आमच्याकडे पाहुण्याला आधी सरबत देतात; इथं आधी जेवू घालतात आणि मग पाहुणा स्वतःच पाणी मागतो.

"सकाळे कथा चालनात, बिशपसाहेब?" पाटलांनी विचारलं.

"उंबरीमाळला."

पाटलांचा हात ताटात थांबला. "सोमवारे? आवं साहेब, सोमवारे तं धडगावना बाजार शे! गावमा कुत्रंबी सापडाव नही. हाई तारीख कोनी काढी?"

बिशप माझ्याकडे बघत नव्हता. तो भरीत खात होता. पण ज्या काळजीपूर्वक तो माझ्याकडे बघत नव्हता, त्यावरून पाटलांना कळलं.

"सरनी?" पाटील म्हणाले. "मन्हा बैलबी बाजारना वार वळखतस, सर."

मी ओशाळं हसून म्हणालो, "मग मंगळवारी जाऊ."

तेव्हा बिशप बोलला. मंगळवारी त्याला डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, मोलगीकडे पोचायचंच होतं. तिथं तीन गावं जमणार होती. आणि बुधवारी सकाळी उंबरीमाळला ट्रक येणार होते. त्या ट्रकांतून गावातली धडधाकट माणसं, लेकराबाळांसकट, गुजरातेत ऊसतोडीला जाणार. होळीच्या आसपास परत. तोवर पत्राला तारीख पडलेली असेल आणि नवा बिशप कोण, त्याला उंबरीमाळ माहीत आहे की नाही, कुणाला ठाऊक.

"पण एवढं काय आहे तिथं?" मी विचारलं. वेळापत्रकात मी नुसतं 'उंबरीमाळ, भेट' असं लिहिलं होतं.

"एक थैली द्यायची आहे," तो म्हणाला आणि पाटलांच्या सूनबाईंकडे आणखी थोडं भरीत मागितलं.

सोमवार : वर

थैलीची गोष्ट त्यानं घाट चढताना सांगितली, तीही तुकड्यातुकड्यांनी, कारण वळणावर तो बोलत नाही आणि तिथं नुसती वळणंच आहेत.

उंबरीमाळचे गुलाबसिंग मास्तर हे तिथले प्रचारक. फादर महिन्यातून एकदा आला तर आला. बाकी प्रार्थना चालवणं, पोरांना शिकवणं, मढं पुरणं, मरायला टेकलेल्या बाळाला घाईनं बाप्तिस्मा देणं, सगळं मास्तर करतात. त्यांच्याकडे एक कापडी थैली आहे. तीत क्रूस, एक घंटा, पवित्र पाण्याची बाटली, हातानं लिहिलेली गाण्यांची वही. थैली ज्याच्या खांद्यावर, त्याचा शब्द. पूर्वी ऊसतोडीलाही मास्तर बरोबर जायचे आणि थैलीही जायची. आता त्यांच्यानं जाववत नाही. गेल्या हंगामात गाव थैलीशिवाय गेलं. उसाच्या फडातल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, एक तान्हं पोर गेलं. मास्तरांची सून रमिला तिथं होती. ती बोर्डिंगमध्ये राहून दहावी झालेली. तिनं जीव जायच्या आधी बाळाला बाप्तिस्म्याचं पाणी घातलं, प्रार्थना म्हटली, पुरलंही. परत आल्यावर गावात वाद झाला की तिला कुणी सांगितलं होतं? थैली तर तिची नाही.

"मग मास्तरांनी द्यावी की तिला."

"सासऱ्यानं सुनेला दिली, तर घरातली वस्तू घरात राहिली असं लोक म्हणतील. बाई म्हणून कुरकूर आहेच. त्या गावची रीत आहे: नवीन काही ठरवायचं तर घरटी एक माणूस सगळ्यांदेखत उभं राहून हो म्हणतं. एक घर जरी बसून राहिलं तरी ठरलं नाही." त्यानं गियर टाकला, गुडघा धरला. "म्हणून सगळं गाव पाहिजे होतं, बावतीस. एक दिवस."

धडगाव ओलांडलं आणि मग जे पाहिलं ते मी विसरणार नाही. समोरून जीप येत होत्या; आत, मागे, टपावर, बॉनेटवर माणसं. बाया नव्या लुगड्यांत, पोरं हातात कोंबड्या धरून. बिशपांची गाडी ओळखून सगळे आनंदानं ओरडत, हात हलवत होते. बिशपही हात हलवत होता.

"कोण ही माणसं?" मी विचारलं.

"उंबरीमाळची."

ज्यांना भेटायला आम्ही दोन दिवस हाडं खिळखिळी करत निघालो होतो, ते सगळे आम्हाला रामराम करून उलट्या दिशेनं चालले होते. ऊसतोडीआधीचा शेवटचा बाजार. चार-पाच महिन्यांचं मीठ, तेल, ताडपत्री. तो कोण चुकवणार!

मी म्हणालो, "आपणही बाजारातच जाऊ. सगळे तिथं आहेत. झाडाखाली उभं करून देऊन टाक थैली."

"बाजारात लोक मीठ घ्यायला येतात," बिशप म्हणाला. "मी क्रूस घेऊन तिथं उभा राहिलो तर मीठ बाजूला राहील आणि उद्या भलतंच काही पेपरात येईल. निस्तरावं त्यांना लागेल, मला नाही. आपण गावात बसू. येतील."

सोमवार : बसलो

उंबरीमाळ म्हणजे गाव असं दिसतच नाही. या उतारावर एक घर, त्याचं शेत. पलीकडच्या उतारावर दुसरं. मधे ओहोळ, साग, महू. आमच्याकडे एका घरात शिंकलं तर शेजारी वाफाऱ्याला पाणी ठेवतात. इथं शेजारी दिसतो, पण हाक मारायला छाती लागते. चर्च म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर पत्रा. आमच्या चर्चमधली पापनिवेदनाची खोली याहून भारी आहे, आणि हे मी अभिमानानं सांगत नाही.

मास्तर वाटेवर उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात भला मोठा ढोल. वाजवणारे बाजाराला गेलेले, म्हणून पंचाहत्तरीचे मास्तर स्वतःच ढोल वाजवत, स्वतःच पुढे चालत आमची मिरवणूक काढत होते. मिरवणुकीत बिशप, मी आणि एक शेळी.

"मास्तर, सोमवारी बाजार असतो हे तुम्ही कळवायचं तरी," मी म्हणालो.

मास्तर शाळेतल्या मराठीत बोलतात, एकेक शब्द ठेवून. "सर, निरोप आला की बिशपस्वामी सोमवारी येत आहेत. आम्ही विचार केला, स्वामींनी दिवस ठरवला आहे म्हणजे त्यात काही अर्थ असेल."

त्यात काय अर्थ होता ते मला माहीत होतं. मी शेळीकडे बघत चालू लागलो.

दारात खाट टाकलेली. मी दमलेला, पटकन टेकलो. रमिला पितळी परात आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि वाकून पाय धुऊ लागली. कोमट पाणी, दोन दिवसांची धूळ. मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा बिशप बाजूला उभा होता, चपला हातात घेऊन. ती खाट आणि परात कुणासाठी मांडली होती ते सांगायला नको. रमिलानं मान वर करून पाहिलं, पाणी ओतून दिलं आणि पुन्हा भरून आणलं. तिशीची असेल. कमी बोलते, पण तिचं न बोलणं ऐकू येतं.

जेवायला मक्याची भाकरी, उडदाची डाळ, आमचूर घातलेली चटणी. डाळ घट्ट, धुराच्या वासाची. मी तीन वाट्या खाल्ल्या. मग वाट बघणं. बिशप खाटेवर आडवा झाला, गुडघ्याखाली जीपमधली उशी. सूर्य हलत नव्हता. शेळी माझ्या वेळापत्रकाचा कागद खाऊन गेली; मी अडवलं नाही.

"कंटाळलास?" मी त्याला विचारलं.

"दमलोय," तो म्हणाला. "कंटाळलो असतो तर बरं झालं असतं, पत्र आधीच धाडलं असतं." मग गुडघ्याखालची उशी नीट करून, "लोकांना वाटतं बिशपचं काम म्हणजे वेदीवर उभं राहणं. माझी निम्मी वर्षं गाडीत गेली आणि उरलेली वाट बघण्यात. आज तर तू दोन्ही एकाच दिवसात बसवलंस."

रमिला ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी उगाच बोलायचं म्हणून विचारलं, "थैली नाही मिळाली तर?"

"तर काय, सर. पोरं जन्मायची थांबतात का, माणसं मरायची थांबतात का? मीच करणार. आणि होळीला परत आल्यावर मीच बोलणी खाणार." तिनं सूप झटकलं. "करायला मी भीत नाही. परत यायला भिते."

सोमवार : उभे राहिले

उन्हं कलली तसे जीपचे आवाज आले. माणसं उतरू लागली. कुणाच्या डोक्यावर ताडपत्रीची गुंडाळी, कुणाकडे मिठाची गोण, एका बाईच्या काखेत नवी बादली आणि बादलीत झोपलेलं पोर. काही पुरुषांच्या चालीत महूची दारू होती. घरी कुणीच गेलं नाही. सगळे पिशव्यांसकट चर्चपुढच्या मोकळ्या जागेत येऊन बसले. बिशपांनी पांढरा झगा चढवला, मिस्सा झाली. सगळे गात होते. आमच्या कॉयरकडे ऑर्गन आहे, पण असा आवाज नाही.

मग मास्तर उठले. थैली खांद्यावरून काढून बिशपांच्या हातात दिली आणि पावरीत, म्हणजे तिथल्या बोलीत, थोडं बोलले. एकेक घर उभं राहू लागलं. म्हातारी उभी राहिली, हो म्हणाली. दारूतला एकजण उभा राहिला, दोनदा हो म्हणाला. असं करत सगळी घरं उभी झाली आणि एक माणूस बसून राहिला.

"दामजा," मास्तर माझ्या कानाशी म्हणाले. "फडात गेलेलं बाळ त्याची नात."

दामजा पावरीत बोलला, बिशपांकडे न बघता. मास्तरांनी मला मराठीत सांगितलं, "तो विचारतो, बाजाराच्या दिवशी देवाचं काम कोणी ठेवतो का? माणसं थकलेली, काहीजण प्यालेली. असं ठरलेलं उद्या कोण मानेल? कोणी ठरवला हा दिवस?"

सगळे बिशपांकडे बघू लागले. मास्तरांनी मान खाली घातली. बिशप शांतपणे म्हणाला, "मी."

मला गप्प बसता आलं असतं. दोन दिवस तेच तर करत होतो. पण तो उभा होता त्या गुडघ्यावर, हातात ती थैली घेऊन, आणि समोर रमिला दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून. मी उठलो. पाय मुंग्यांनी बधिर झालेले, म्हणून शेजारच्या मिठाच्या गोणीचा आधार घेतला. "मी ठरवला," मी म्हणालो. "बिशपांनी नाही. मला बाजार माहीत नव्हता. विचारलंही नाही. मी भूगोलाचा मास्तर आहे."

शेवटचं वाक्य का बोललो कुणास ठाऊक. मास्तरांनी तेही पावरीत सांगितलं. लोक हसले. दामजा हसला नाही, काहीतरी म्हणाला.

"तो म्हणतो, चूक करणाऱ्यानं पाणी द्यावं," मास्तर म्हणाले. "आमच्यात असं आहे. ज्याची चूक तो प्रत्येक घराला आपल्या हातानं पाणी देतो. ज्यानं घेतलं त्याच्यासाठी ती चूक संपली. मग तिचं नाव कोणी काढायचं नाही."

मला कळशी आणि तांब्या दिला. मी घरामागून घर वाकत गेलो. अर्धं पाणी माझ्याच पायांवर सांडलं; सकाळी धुतलेलेच होते, आणखी स्वच्छ झाले. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवटी दामजापुढे आलो. त्यानं बराच वेळ ओंजळ पुढे केली नाही. कळशी खाली ठेवावी की नाही हे मला कळेना, म्हणून धरूनच उभा राहिलो. मग त्यानं ओंजळ केली आणि पाणी प्याला.

पण उठला नाही. आता तो सरळ रमिलाशी बोलला. तिनं खालच्या आवाजात, थांबून थांबून उत्तर दिलं. मास्तर मला सांगू लागले. "तो म्हणतो, माझ्या नातीला तू थैली नसतानाच पुरलंस. मग थैली घेऊन वेगळं काय करणार? ती म्हणते, काका, वेगळं काही नाही करणार."

दामजानं बिशपांकडे पाहिलं, पहिल्यांदाच. बिशपांना मोडकीतोडकी पावरी येते. तो जे बोलला ते मी नंतर गाडीत विचारून घेतलं: "ती तेच करील. फक्त तेव्हा तू कोण, असं तिला कुणी विचारणार नाही. तुझ्या नातीच्या वेळी सगळ्यांनी विचारलं. तूही."

दामजा बसूनच होता. मग गुडघ्यावर हात ठेवून, बिशपांसारखाच कण्हत, उठला. हो म्हणाला की नाही मला ऐकू आलं नाही. गावाला आलं असावं, कारण ढोल वाजला.

बिशपांनी थैली रमिलाच्या खांद्यावर घातली. तिनं पट्टा जरा आखूड करून घेतला, आत हात घालून वही आहे ना ते पाहिलं आणि घंटा एकदा वाजवून बघितली.

उजेड असेपर्यंत घाट उतरायचा होता, म्हणून निघालो. जीपपाशी सगळे जमले. मास्तरांनी बिशपांचा हात सोडला नाही. होळीनंतर गाव परत आलं की नव्या बिशपांना इकडे पाठवा, एवढंच ते म्हणत होते. बिशप म्हणाला की पाठवतो, दिवस कोणता ते कळवू, आणि सवयीनं माझ्याकडे वळून म्हणाला, "बावतीस, लिहून घे."

मी खिशातून पेन काढलं. रमिला मधे आली, खांद्यावर थैली.

"दिवस आम्ही कळवू, स्वामी," ती म्हणाली. "सरांना पुढच्या वेळी नुसतं पाणी वाढायला आणा. तेही निम्मं सांडतात."